सेरो गोर्दो: कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातली शिसे-चांदी-जस्ताची खाण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ही खाण नेमकी कुठे आहे?

अमेरिकेत, पूर्व कॅलिफोर्नियाच्या इन्यो काउंटीमध्ये, इन्यो पर्वतरांगेच्या माथ्याजवळ. उंची सुमारे 8,500 फूट, म्हणजे जवळपास 2,600 मीटर. पश्चिमेला पायथ्याशी कीलर हे छोटे गाव आणि त्यापलीकडे ओवेन्स सरोवराचे कोरडे पात्र. पूर्वेला उतरले की सलाइन व्हॅली. समोर सिएरा नेवाडाची भिंत उभी आहे. पॅसिफिकवरून येणारे पाणी तीच अडवते, म्हणून इन्यो रांगेच्या वाट्याला फार थोडा पाऊस आणि हिवाळ्यात थोडे बर्फ येते. या कोरडेपणाचा खाणीच्या इतिहासाशी सरळ संबंध आहे, तो पुढे येईलच.

कॅलिफोर्नियातली एवढी गाजलेली खाण, मग तिला 'लहान' का म्हणतात?

एकोणिसाव्या शतकात शिसे आणि चांदी देणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या खाणींत तिचे नाव पहिल्या रांगेत होते. तरी सगळ्या काळातल्या उत्पादनाचे मूल्य साधारण 1.7 कोटी डॉलर सांगितले जाते, आणि जगातल्या मोठ्या शिसे-जस्त खाणींपुढे हा आकडा किरकोळ आहे. खनिजाचे साठे अरुंद, उभे आणि तुटक होते. एक संपला की पुढचा सापडेपर्यंत नुसता दगड फोडावा लागे. मुख्य बेलशॉ शाफ्ट (खाणीत उतरायची उभी विहीर) 900 फूट खोल आहे. त्याच्या आजूबाजूला बोगद्यांचे जे जाळे पसरले, त्यातला मोठा भाग या शोधाशोधीतच खर्च झाला.

खडक कोणते आणि खनिज कशात बसले आहे?

डोंगर मुख्यतः समुद्राच्या तळाशी साचलेल्या थरांचा आहे. सगळ्यात महत्त्वाचा थर म्हणजे डेव्होनियन काळातला 'लॉस्ट बरो' संगमरवर. त्यावर मिसिसिपियन काळातली 'टिन माउंटन' चुनखडी, आणि तिच्यावर आणखी चुनखडी व शेलचे थर आहेत. नंतर मध्यजीव महाकल्पात खालून वितळलेला खडक वर घुसला आणि मॉन्झोनाइटच्या राशी व पातळ भिंती तयार झाल्या. थर वाकले, तुटले, एकमेकांवरून सरकले. या भेगांमधून गरम, धातू विरघळलेले पाणी वर आले.

असे पाणी संगमरवराला भिडले की दगड विरघळतो आणि त्याच्या जागी सल्फाइड, म्हणजे धातू आणि गंधकाचे, खनिज बसते. म्हणून इथले मोठे साठे पातळ शिरांसारखे नाहीत. ते तिरक्या उभ्या नळकांड्यासारखे आहेत आणि जिथे दोन भेगा एकत्र येतात तिथे फुगलेले आहेत. सेरो गोर्दोतल्याच युनियन खाणीचा प्रसिद्ध साठा याच जातीचा. तिथल्याच सान फेलिपेसारख्या शिरा मात्र वेगळ्या. त्यांत गारगोटी भरपूर, शिसे कमी, आणि चांदी तांब्याच्या खनिजाबरोबर.

या दोन प्रकारांतला फरक मनात ठेवा. भट्टीचे गणित आणि कोर्टातला खटला, दोन्ही त्यातूनच निघाले.

शिसे एका जागी आणि जस्त दुसरीकडे, असे का झाले?

हा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आहे. या खाणीचे आयुष्य दोन भागांत का विभागले गेले, याचे उत्तर इथे आहे.

मुळात खोलवर गॅलेना (शिशाचे सल्फाइड) आणि स्फॅलेराइट (जस्ताचे सल्फाइड) शेजारी-शेजारी होते. वाळवंटात भूजल फार खोल असते, त्यामुळे हवा आणि अधूनमधून मुरणारे पाणी शेकडो फूट आत पोचते आणि सल्फाइडे गंजतात. गंजताना दोन्हींची सल्फेटे होतात, पण त्यांचे वागणे अगदी उलट. शिशाचे सल्फेट एक लिटर पाण्यात जेमतेम 40 मिलिग्रॅम विरघळते. जस्ताचे सल्फेट त्याच पाण्यात 500 ग्रॅमहून जास्त विरघळते.

म्हणजे शिसे जागच्या जागी राहते. गॅलेनाच्या दाण्याभोवती आधी अँग्लेसाइटचे, म्हणजे शिशाच्या सल्फेटचे, करडे कवच चढते, त्यावर सेरुसाइट म्हणजे शिशाचे कार्बोनेट बनते, आणि पुष्कळदा मधला गॅलेना ताजाच राहतो, कारण कवच पाण्याला आत शिरू देत नाही. जस्त मात्र पाण्याबरोबर निघून जाते. वाटेत संगमरवर लागला की त्यातला चुना पाण्यातले आम्ल मारतो, आणि जस्त कार्बोनेट होऊन, म्हणजे स्मिथसोनाइट होऊन, दगडाच्या जागी बसते.

नतीजा असा की शिशाच्या साठ्यात जस्त उरलेच नाही म्हणावे इतके कमी, आणि बाजूच्या व खालच्या भिंतीत जस्ताचा समृद्ध साठा, तोही दिसायला मळकट चुनखडीसारखा. 1870 च्या दशकातले खाणकामगार त्या भिंतींना लागून शिसे काढत होते आणि भिंत तशीच सोडून पुढे जात होते.

चांदी कोणत्या खनिजात आहे?

चांदीचे वेगळे, डोळ्यांना दिसणारे खनिज इथे क्वचित सापडते. बरीच चांदी गॅलेनात बारीक कणांच्या रूपात अडकलेली असते, विशेषतः टेट्राहेड्राइट या तांबे-अँटिमनीच्या खनिजाच्या कणांत. गारगोटीच्या शिरांमध्ये टेट्राहेड्राइट जास्त, म्हणून त्या 'कोरड्या' धातुकात (धातू असलेल्या दगडात) चांदी असूनही शिसे नसते. गॅलेना चमकदार दिसला म्हणून चांदी जास्त असे समजू नका. कस लावल्याशिवाय कळत नाही.

शोध कुणी लावला?

1865 मध्ये पाब्लो फ्लोरेस आणि त्याच्या मेक्सिकन साथीदारांनी. सुरुवातीची काही वर्षे मेक्सिकन खाणकामगार छोट्या दगडी भट्ट्यांत स्वतःचे धातुक वितळवत. 1866 नंतर व्हिक्टर बोद्री हा क्वेबेकचा दुकानदार तिथे आला. उधारीवर माल देऊन, उधारी फिटली नाही की खाणीतला हिस्सा घेऊन, तो मोठा झाला. 1868 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून मॉर्टिमर बेलशॉ आला आणि कामाचा नूरच बदलला.

बेलशॉने असे काय ओळखले?

हेच की डोंगरावरच्या चांदीची किल्ली शिशात आहे. गारगोटीतली चांदी नुसती भट्टीत घालून मिळत नाही. वितळलेले शिसे भट्टीत खाली झिरपताना चांदी पकडून घेते, म्हणून प्रत्येक चांदीवाल्याला शिशाचे धातुक लागतेच. भरपूर शिसे फक्त युनियन खाणीत होते. बेलशॉने तिच्यात हिस्सा मिळवला आणि शिसे पाहिजे असेल त्याला आपल्या दारात यावे लागेल अशी व्यवस्था केली. त्यावर त्याने कीलरच्या बाजूने डोंगरावर चढणारा पिवळसर मातीचा 'यलो रोड' बांधला आणि त्यावर टोल बसवला. धातुक, भट्टी आणि वाट, तिन्ही जवळपास एका हातात आले. बाकीच्या खाणवाल्यांना हे खटकले आणि त्यांची तक्रार रास्त होती.

भट्टीत काय घालत आणि काय बिघडत असे?

भट्टी म्हणजे उभी, खालून हवा फुंकलेली. वरून थरांथरांनी लोणारी कोळसा, धातुक, लोहाचे धातुक आणि चुनखडी पडते. गॅलेनातले गंधक लोहाकडे जाते आणि शिसे मोकळे होते. सेरुसाइट तर कोळशाच्या धुराने सहज सुटते, म्हणून वाळवंटी गंजलेले धातुक वितळवायला सोपे. गारगोटीला लोह आणि चुना मिळाला की पातळ मळी, म्हणजे वितळलेला टाकाऊ दगड, बनते. ती वर तरंगते, शिसे तळाशी जमते. दोन्ही वेगवेगळ्या भोकांतून काढतात.

नेहमीचे बिघाड असे:

- गारगोटी जास्त झाली की मळी घट्ट होते, बाहेर पडत नाही आणि शिशाचे थेंब तिच्यात अडकून फुकट जातात. उपाय म्हणजे लोह किंवा चुना वाढवणे.
- कोळसा कमी पडला की तळ गारठतो आणि भट्टी जाम होते. मग आत गोठलेला गोळा छिन्नीने फोडून काढावा लागतो, दोन-चार दिवस जातात.
- जस्त आत आले की डोकेदुखी. जस्त 907 अंशांवर उकळते, भट्टीच्या पोटातल्या तापमानाहून खूप खाली. त्याची वाफ वर जाते, तोंडाजवळ थंड होऊन भिंतींना कडक पापुद्रा धरते आणि घशाचा आकार आवळत जातो. उरलेले जस्त मळी घट्ट करते.
- भिंत जळते. शिसेमिश्रित मळी विटा खाते. बेलशॉने भट्टीच्या भिंतीभोवती पाण्याचे पोकळ कवच बसवले, म्हणजे मळीचा एक थर आतल्या बाजूला गोठतो आणि तोच अस्तर होतो. हा उपाय पुढे सगळीकडे रुळला, आणि त्याच्या कामात आम्हाला तो सगळ्यात मोलाचा वाटतो.

शिसे आणि चांदीची मिश्र लगड साच्यात ओतत, एकेक सुमारे 85 पौंड म्हणजे 38 ते 39 किलोची. चांदी तिथे वेगळी करत नसत. ते काम सॅन फ्रान्सिस्कोला होई.

लगडी एवढ्या लांब कशा पोचत?

डोंगरावरून गाड्यांनी सरोवराकाठी, तिथून जमिनीवरून दक्षिणेला लॉस एंजेलिस, मग सान पेद्रो बंदर आणि जहाजाने सॅन फ्रान्सिस्को. लॉस एंजेलिसपर्यंतची वाट साधारण 350 किलोमीटर, वाळूची आणि पाण्याविना. वाहतूक रेमी नादो बघत असे. एकामागे एक जोडलेल्या अवजड गाड्या आणि पुढे 14-16 खेचरे.

1872 मध्ये ओवेन्स सरोवरात 'बेसी ब्रॅडी' ही आगबोट उतरली. सरोवराला वळसा घालायला खेचरांना जे दिवस लागत, ते काही तासांवर आले. मग भलतीच अडचण उभी राहिली: बोट माल पटकन आणू लागली, पण पुढच्या गाड्या कमी पडल्या, आणि हजारो लगडी काठावर पडून राहिल्या. 1873 मध्ये बेलशॉ, बोद्री आणि नादो यांनी मिळून सेरो गोर्दो फ्रेटिंग कंपनी काढली, वाटेवर दिवसभराच्या अंतरावर ठाणी उभारली, तेव्हा साठा हलू लागला. लॉस एंजेलिस त्या वेळी लहान शहर होते. या खाणीला लागणारा चारा, धान्य आणि माल पुरवून त्याचा व्यापार बराच वाढला. 1876 मध्ये सदर्न पॅसिफिक रेल्वे मोहावीला आली आणि खेचरांची लांब वाट अर्ध्यावर आली.

कोळसा आणि पाणी कुठून येई?

जवळच्या पिनयन पाइनचे डोंगर लवकर उघडे पडले. 1873 मध्ये कर्नल शर्मन स्टीव्हन्सने सरोवरापलीकडे सिएरात कॉटनवुड ओढ्यावर करवतगिरणी उभारली, लाकूड पन्हळीतून खाली सोडले आणि काठावरच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या भट्ट्यांत त्याचा कोळसा केला. त्या भट्ट्यांचे अवशेष आजही दिसतात. कोळसा बोटीने सरोवर पार करून मग चढण चढे.

पाणी सुरुवातीला खेचरांच्या पाठीवर येई. 1874 मध्ये डोंगरातल्या झऱ्यांपासून नळ टाकले, तेव्हा भट्टीच्या पाण्याच्या कवचालाही नेमाने पाणी मिळाले. नळ फुटला किंवा गोठला की भट्टी बंद.

युनियन आणि सान फेलिपे यांचा खटला कशावरून झाला?

भूगर्भशास्त्रावरूनच. 1872 च्या अमेरिकन खाणकायद्याप्रमाणे ज्याच्या हद्दीत शिरेचे तोंड जमिनीवर उघडे पडते, तो ती शीर खोलवर शेजाऱ्याच्या हद्दीखालीही खणू शकतो. सान फेलिपेवाल्यांचे म्हणणे होते की युनियनचा शिशाचा साठा म्हणजे त्यांच्याच शिरेचा भाग. बेलशॉ-बोद्रींचे म्हणणे, दोन्ही वेगळे. 1873 मध्ये निकाल सान फेलिपेच्या बाजूने लागला, आणि शेवटी 1876 मध्ये दोन्ही बाजू युनियन कन्सॉलिडेटेड या कंपनीत एकत्र आल्या. नळकांड्यासारख्या साठ्याला 'शीर' म्हणायचे की नाही, हा प्रश्न कायद्याच्या भाषेत सुटणारा नव्हताच.

मग 1870 च्या दशकाअखेर सगळे का थांबले?

एका कारणाने नाही. युनियनचा मोठा साठा संपत आला होता. 1877 मध्ये आगीने युनियनच्या शाफ्टवरची यंत्रे जाळली. शिसे आणि चांदी दोन्हींचे भाव उतरले. भाव चढते असते तर कमी प्रतीचे धातुकही परवडले असते. 1883 मध्ये कार्सन अँड कोलोरॅडो ही अरुंद रेल्वे कीलरपर्यंत आली, पण तोवर भट्ट्या थंड झाल्या होत्या. रेल्वे दहा वर्षे आधी आली असती तर, हा विचार मनात येतोच.

जस्त कधी आणि कसे सापडले?

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नव्या मालकांनी जुनी मळी आणि शिल्लक धातुक पुन्हा वितळवायचा प्रयत्न केला. 1911 च्या सुमारास लुई गॉर्डनने जुन्या पोकळ्यांच्या भिंतीतला दगड तपासला आणि तो उच्च प्रतीचा स्मिथसोनाइट निघाला. कीलरपर्यंत रोपवे बांधला गेला. भरलेल्या बादल्यांच्या वजनानेच रिकाम्या वर ओढल्या जात, इंजिनाचे काम मुख्यतः ब्रेकचे. अमेरिकेतल्या जस्त-कार्बोनेटच्या मोठ्या पुरवठादारांत या खाणीची गणना काही वर्षे होत होती. जस्त तिथेच वितळवायचा प्रश्न नव्हता. बंद भांड्यात वाफ करून ती पकडावी लागते, उघड्या उभ्या भट्टीत ते जमत नाही. म्हणून धातुक रेल्वेने बाहेर जाई. 1920 च्या दशकात जेफरसन साठ्यात पुन्हा शिसे-चांदी मिळाले आणि काम थोडे लांबले.

हातातला दगड यांपैकी कोणता, हे कसे ओळखायचे?

आधी वजन बघा. तळहातावर तोलल्यावरच बरेच कळते.

- गॅलेना: घनता 7.5, शिशासारखी करडी चमक, हातोडी मारली की लहान चौकोनी तुकडे पडतात. शिसे 86.6 टक्के.
- सेरुसाइट: घनता 6.5, पांढरा किंवा करडा, हिऱ्यासारखी झळाळी, ठिसूळ. शिसे 77.5 टक्के.
- स्मिथसोनाइट: घनता 4.4, मळकट, कधी हिरवा-निळा, कधी सच्छिद्र वाळल्या हाडासारखा. जस्त 52 टक्के.
- कॅल्साइट: घनता 2.7, थंड पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने जोरात फसफसतो.

स्मिथसोनाइट थंड आम्लात मंद फसफसतो, आम्ल कोमट केले की जोर येतो. इथेच घोळ होतो, कारण भेगेत कॅल्साइटची बारीक नस असली तरी फेस येतो आणि सगळाच दगड कॅल्साइट वाटतो. नवा तुकडा फोडून मधल्या भागावर थेंब टाका.

जस्ताची मैदानी चाचणी: एका बाटलीत 3 टक्के पोटॅशियम फेरिसायनाइडचे द्रावण, दुसरीत 3 टक्के ऑक्झॅलिक आम्लात थोडे डायएथिलअॅनिलीन. दोन्ही सारख्या प्रमाणात दगडावर टाकली की गंजलेले जस्त नारिंगी-लाल होते. ताज्या स्फॅलेराइटवर रंग येत नाही, म्हणून 'नाही' असे उत्तर निर्णायक धरू नका. हातमोजे घाला.

चांदीचा कस कसा लावतात? 'टनाला इतके औंस' म्हणजे काय?

एक ट्रॉय औंस प्रति छोटा टन (2,000 पौंड) म्हणजे मेट्रिक टनाला 34.3 ग्रॅम. जुन्या अहवालांतला आकडा 34.3 ने गुणला की झाले.

कस लावताना 29.166 ग्रॅम नमुना घेण्याची रीत सोयीची आहे, कारण मग शेवटी उरलेल्या चांदीच्या मण्याचा प्रत्येक मिलिग्रॅम म्हणजे टनाला एक औंस. नमुना पिठासारखा दळा. शिशाचा ऑक्साइड, सोडा, टाकणखार आणि थोडे पीठ मिसळून मातीच्या मुशीत 1,000 अंशांच्या आसपास वितळवा. पीठ शिसे मोकळे करते आणि ते चांदी घेऊन तळाशी बसते. गॅलेना असेल तर मुशीत लोखंडी खिळे घालतात, ते गंधक पकडतात. थंड झाल्यावर मळी फोडून 25 ते 40 ग्रॅमची शिशाची गोळी निघाली पाहिजे. फार लहान निघाली तर पीठ कमी पडले, मोठी निघाली तर जास्त झाले.

गोळी हाडाच्या राखेच्या छोट्या वाटीत ठेवून हवेत तापवतात. शिसे ऑक्साइड होऊन वाटीत मुरते, चांदीचा मणी उरतो. वाटीच्या काठावर पिसांसारखे पिवळसर स्फटिक दिसले तर तापमान बरोबर. ते दिसत नाहीत आणि वाटी पांढरी तळपते तर फार तापले, चांदी उडते आहे. शिसे मध्येच गोठून काळे पडले तर तापमान घसरले. शेवटी मणी एकदम लखलखतो. लगेच बाहेर काढला तर विरघळलेला ऑक्सिजन सुटून मणी थुंकतो आणि वजन कमी भरते, म्हणून हळू थंड करा. मण्यात सोने असू शकते, ते नायट्रिक आम्लाने वेगळे काढून वजा करा. शिशाचा धूर विषारी आहे. खेचपंखा असलेली प्रयोगशाळा नसेल तर हे घरी करू नका.

तिथे बघण्यासारखे काय आहे आणि काय सांभाळायचे?

गाव आणि खाण खासगी मालकीची आहेत, 2018 मध्ये त्यांची विक्री झाली. 1871 चे 'अमेरिकन हॉटेल' जून 2020 मध्ये आगीत जळाले. आधी परवानगी घ्या, आणि नमुने उचलण्याबद्दलही वेगळे विचारा.

कीलरहून रस्ता साधारण 13 किलोमीटर, कच्चा, आणि त्यात जवळपास 1,500 मीटर चढण. उतरताना खालच्या गियरमध्ये राहा, ब्रेक दाबून धरले तर तापून निकामी होतात. हिवाळ्यात बर्फाने वाट बंद होऊ शकते. पाणी बरोबर न्या.

जुन्या बोगद्यात मार्गदर्शकाशिवाय पाऊल टाकू नका. पायाखालच्या फळ्या कुजून त्याखाली खोल शाफ्ट असतो, टेकू दिसायला शाबूत पण आतून पोकळ, आणि आडबाजूच्या खोल्यांत ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली असला तरी वास येत नाही. उंदरांच्या लेंड्या पडलेल्या बंद खोल्यांत हंटाव्हायरसचा धोका आहे, झाडू मारू नका.

भट्टीच्या मळीच्या आणि चाळलेल्या चुऱ्याच्या ढिगांत शिसे आहे. त्या धुळीत मुलांना खेळू देऊ नका, जेवणाआधी हात धुवा, बूट गाडीबाहेर झटका आणि ते कपडे घरी वेगळे धुवा.